देवगाव रंगारी वरून बघायचं राहिलं

विमानातून देवगाव रंगारी बघायला निघालेल्या दोन भावांचा हा प्रवास. त्यात देवगाव रंगारी येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचा माझा विचार नाही. ज्या गावासाठी निघालो ते सोडून बाकी बरंच पाहिलं. आणि याला विमान, हवामान, सरकार यांपैकी कुणीही जबाबदार नाही. मी आहे.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. तेरा वर्षांनी मोठे, त्यामुळे भाऊ कमी आणि वडील जास्त. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे शेतजमिनी मोजून त्यांचे नकाशे काढणारे. कन्नड तालुक्यातली शेतं त्यांनी उन्हातान्हात साखळी ओढत पायी मोजली. देवगाव रंगारी हे आमचं गाव, आणि तिथल्या पुष्कळ शेतांचे नकाशेही त्यांच्याच हातचे. निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना मोबाइलवर उपग्रहातून घेतलेलं गावाचं चित्र दाखवलं. त्यांनी ते बोटाने जरा इकडेतिकडे सरकवलं आणि फोन परत दिला.

"चित्र हाय हे," म्हणाले. "मला जमीन बघायचीय."

मग त्यांना काचबिंदू निघाला. निघाला तेव्हाच फार उशीर झाला होता. डावा डोळा गेल्यात जमा होता आणि उजव्याची नजर कडेकडेने विझत आत चालली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, एक शस्त्रक्रिया केली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की उरलेली नजर काही महिन्यांचीच आहे. उपचारांसाठी दादा माझ्याकडेच राहायला आले होते. मी भीमेकाठच्या एका तालुक्याच्या गावी दूध थंड करायची यंत्रं दुरुस्त करतो, आणि पन्नाशी उलटल्यावर जवळच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकलो. या वयात लोक गुडघ्यांची तक्रार करायला लागतात. मला हे सुचलं.

दादांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. एका संध्याकाळी चहा पिता पिता, बशीकडे बघत म्हणाले, "रम्या, तुझ्या त्या इमानातून देवगाव दिसंल का रे? नजर हाय तवर."

एवढंच. पुढच्याच महिन्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो.

शनिवार: भीमेकाठावरून चिकलठाण्याला

छोटं विमान उडवायचं म्हणजे चावी फिरवून निघालो, असं आपल्याकडे नसतं. आधी कुठून कुठे, किती उंचीवरून, कोण कोण, हे सगळं कळवायचं. मग फोनवरून दोन क्रमांक मिळवायचे, एक हवाई माहिती केंद्राचा आणि एक हवाई संरक्षणवाल्यांचा. ते दोन क्रमांक कागदावर लिहून मांडीला बांधल्याशिवाय धावपट्टीवर पाऊल टाकायचं नाही. दादांना ही पद्धत भलतीच आवडली. मोजणीला जाण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांना नोटिसा द्याव्या लागतात, तसंच हे, असं त्यांचं मत पडलं.

दादांचं सामान म्हणजे नकाशाची एक लांब गुंडाळी, जुनी पितळी कंपासपेटी, तीन चष्मे आणि माझ्या बायकोने बांधून दिलेले धपाटे. गुंडाळीतला नकाशा त्यांनी स्वतः तयार केलेला होता. गावोगावच्या शेतांचे तुकडे एकाला एक जोडून, ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवलेला. ते काम त्यांनी डॉक्टरांचं निदान कळल्यावर केलं होतं, भिंग घेऊन, रोज थोडं थोडं. इतकं बारीक काम करणाऱ्या माणसाला दिसत असणारच, असं मी गृहीत धरलं. काचबिंदूत समोरचं, अगदी मधलं, शेवटपर्यंत दिसत राहतं आणि आजूबाजूचं आधी जातं, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि मग विसरलो होतो.

उड्डाण झालं. पुण्याच्या पूर्वेकडून वर जायचं असलं की आभाळात गर्दी लागते. मोठी प्रवासी विमानं खाली उतरत असतात, लष्कराची असतात, आणि मध्ये आमच्यासारखी एका पंख्याची टमटम. अशा वेळी रडारवाल्यांची मदत घ्यायची असते. दूर कुठेतरी एका खोलीत पडद्यासमोर माणूस बसलेला असतो. त्याला रेडिओवरून सांगायचं: मी अमुक, इथे इथे आहे, इतक्या उंचीवर, तिकडे चाललोय, जरा लक्ष ठेवाल का? तो एक चार आकडी क्रमांक देतो. तो विमानातल्या यंत्रावर लावला की पडद्यावर आपला ठिपका ओळखू येतो. मग तो सांगत राहतो, कोण जवळ आहे, कोणत्या दिशेला, किती लांब. मोठ्या विमानतळांच्या अगदी जवळच्या हद्दीत त्याचं ऐकावंच लागतं. त्या हद्दीबाहेर मात्र तो फक्त सल्ला देतो. घ्यायचा की नाही हे आपण ठरवायचं, आणि मुख्य म्हणजे तो मागायचाही आपणच. न मागता तो आपल्या मागे लागत नाही.

त्या दिवशी मी मागितला. रडारवर एक बाई होत्या. आवाज असा की बँकेत खिडकीपलीकडून कुणी शांतपणे फॉर्म भरून घेतंय. सगळं इंग्रजीत चालतं. दादांच्या कानावरही हेडफोन होते, त्यामुळे ते ऐकत होते.

"दोन वाजताच्या दिशेला, सहा मैल, उलट दिशेने येतंय, तुमच्यापेक्षा हजार फूट वर," बाई म्हणाल्या.

"दोन वाजता म्हंजी? आत्ता तर नऊ वाजलेत," दादा म्हणाले.

मी सांगितलं की विमानाचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. दोन म्हणजे उजवीकडे, थोडं पुढे. मी त्या दिशेला बघितलं, चमकतं पातं दिसलं, तसं बाईंना कळवलं. दादाही तिकडे वळून बघत राहिले.

"दिसलं का, दादा?"

"व्हय," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ही बाई तुला लई सांगती. तुझं तुला दिसत नाय का?"

मी हसलो. पण ते मला कुठेतरी लागलं. दादांच्या धंद्यात शेजाऱ्याला विचारून हद्द ठरवणारा मोजणीदार म्हणजे सगळ्यांत वाईट. जो सांगतो त्याला काहीतरी हवं असतं, म्हणून कुणाचं ऐकायचं नाही, तीन पक्के दगड शोधायचे आणि आपली जागा आपण काढायची. लहानपणापासून हे मी जेवताना ऐकत आलोय. त्या दिवशी मी वीस-पंचवीस वेळा कुणाला तरी विचारलं असेन, आणि प्रत्येक वेळी दादा शेजारी बसून ऐकत होते.

नगर मागे टाकलं आणि धपाटे काढले. वर गारठा, खाली वाळक्या गवताची पिवळी माळरानं, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास. विमानात खाताना हाताला तेल लागतं आणि रेडिओचं बटण तेलकट होतं, हा छोटा अपघात झाला. मग नाथसागर आला. एवढं पाणी बघून माझा जीव सुखावला. दादा मांडीवरच्या नकाशात बघत म्हणाले, "पैठण आलं." त्यांनी नकाशा बघून ओळखलं, पाणी बघून नाही, हे मला तेव्हा उमगलं नाही. मी उलट कौतुकच केलं.

पैठण रस्ता धरून वर गेलो. चितेगावच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकली. बाईंनी आम्हाला चिकलठाण्याच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या विमानतळाच्या, टॉवरकडे सोपवलं, आणि आम्ही उतरलो.

विमानतळावरून बाहेर पडताना सुरक्षावाल्याने दादांची पेटी उघडली आणि त्यातलं दोन टोकांचं पितळी कर्कटक बाजूला काढलं. टोकदार वस्तू. उद्या परत आत नेता येणार नाही, इथेच ठेवून जा.

"अरे बाबा, आमचंच इमान हाय. मी काय कर्कटकानं त्याला भोसकणार हाय का?" दादा म्हणाले.

तो बिचारा हसला, पण ठेवूनच घेतलं. पावती दिली. दादांनी ती पावती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. त्यांची नोकरी सरकारी होती, पावतीचा मान त्यांना ठाऊक.

मुक्काम शेखभाईंकडे होता. शेखभाई दादांचे जुने जोडीदार. एकाच कचेरीत, एकाच साखळीची दोन टोकं धरून त्यांनी तालुका पालथा घातला होता. आता शहरात शहागंजाच्या पलीकडे मुलाच्या घरी राहतात. दिवेलागणीलाच त्यांनी दस्तरखान अंथरलं. नान कलिया होता, मटणाचा रस्सा आणि भट्टीतले नान. आमच्या भीमेकडे पाहुण्याला एकदा आग्रह करतात, नको म्हटलं की सोडून देतात. इथे नको म्हणण्याला काही अर्थच नाही. तुम्ही नको म्हणता तेवढ्यात ताटात पडलेलं असतं.

"साहेब, घ्या ना. नान ठंडा होतोय," शेखभाई म्हणत होते. दोघांचं जुनं बोलणं रंगलं होतं. कुठल्या शेतात विंचू चावला, कुठल्या पाटलाने ताक पाजलं. दादांनी हात पुढे केला आणि पाण्याचा पेला लवंडला. थोड्या वेळाने पुन्हा.

सकाळी मी गाडीत सामान ठेवत असताना शेखभाई बाहेर आले. आवाज खाली करून म्हणाले, "भाई, एक बोलू? साहेबांना बाजूचं काही दिसत नाय. मी रात्री पेला तीन ठिकाणी सरकवून बघितला. समोर असला तरच दिसतो. तुम्ही जरा नजर ठेवा."

"औषध चालू आहे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला राग आला. मला वाटलं, आज त्यांच्या आनंदाचा दिवस, आणि हे काय घेऊन बसलेत. शेखभाईंनी खिशातून वेलदोडे काढून माझ्या हातावर ठेवले, वर मळमळलं तर चघळा म्हणून.

रविवार: चिकलठाण्याहून वायव्येला

त्या दिवशी सकाळी धुरकट होतं. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या, गारठा जमिनीवरच बसलेला, आणि धूर त्यातच कोंडलेला. उडायला हरकत नव्हती, पण लांबचं फिकट दिसत होतं. शहाणा माणूस अशा वेळी दोन गोष्टी करतो. एक, टॅबलेटवरचा नकाशा मांडीवर उघडतो, ज्यात आपलं विमान चालताना दिसतं. दुसरं, रडारला सांगतो की लक्ष ठेवा.

मी टॅबलेट पिशवीतच ठेवला. दादांनी त्यांचा नकाशा मांडीवर पसरला होता. त्याच्या शेजारी माझा दुसरा उघडणं मला बरं दिसेना. आज मार्ग दादांनीच सांगायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. जन्मभर ज्या जमिनीवर ते चालले, तिच्यावरून निदान एक दिवस त्यांच्या सांगण्याने विमान चालू दे.

पूर्वेकडे तोंड करून उडालो, डावीकडे वळून शहराच्या उत्तरेने निघालो. टॉवरची हद्द संपत आली तेव्हा टॉवरवाल्याने विचारलं, "पुढे रडारची मदत हवी का?"

माझा अंगठा बटणावर होता. दादा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नको. डोळ्यांनी बघून जातो."

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याने यंत्रावर लावायचा आकडा दिला आणि मुंबईचं विमान येण्याच्या वेळेची आठवण करून दिली. मग मी आणखी एक शहाणपणा केला. दादा हळू बोलतात, रेडिओवर इतरांचं बोलणं चालू असलं की त्यांचं ऐकू येत नाही. म्हणून मी रेडिओचा आवाज कमी केला.

"आता तुम्ही सांगा, दादा."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तेवढीच दहा मिनिटं आमची चांगली गेली. बोट नकाशावर, मान खाली. "दौलताबाद डाव्या अंगाला ठेव. मंग येरुळचा डोंगर उजवीकडं. दोन्हीच्या मधून सरळ."

मी दौलताबादचा किल्ला शोधत होतो. तो लांबूनही ओळखू येतो, पण धुरात मला सापडत नव्हता. "दिसतोय का, दादा?" असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यात दोन गोष्टी उघड झाल्या असत्या: मला सापडत नाही हे, आणि कदाचित त्यांनाही. मी तो प्रश्न गिळला. त्याऐवजी विचारलं, "बरोबर चाललोय ना?"

"व्हय. जरा डावीकडं घे."

मी घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून जरा." मी पुन्हा घेतलं. होकायंत्र मला सांगत होतं की आपण वायव्य सोडून नैर्ऋत्येला चाललोय. पण दादा म्हणतायत म्हटल्यावर होकायंत्राचं कोण ऐकतो!

खाली एक कोरडा ओढा दिसला. दादा काचेला कपाळ टेकवून बघत म्हणाले, "आली. शिवना आली. आता गोल फिर."

शिवना म्हणजे आमच्या गावाजवळची नदी. मी फिरवायला सुरुवात केली. खाली मला चौपदरी रस्ता दिसत होता, त्यावर ट्रकच्या रांगा, आणि पत्र्याच्या मोठ्या मोठ्या शेड. देवगाव रंगारीत यांपैकी काही नाही. मी तिथे जन्मलो, मला एवढं ठाऊक आहे. तरीही मी गोल फिरत होतो. मी स्वतःलाच समजावत होतो की गाव बदललं असेल. दादा म्हणाले आली, तर आली. तिथे विचारायला कानात माणूस होता. दोन वाक्यांचं काम होतं: मी अमुक, कुठे आहे ते सांगता का? पण दादांच्या देखत, दादांच्या गावावर, "आपण कुठे आहोत" हे परक्या माणसाला विचारायचं?

आमच्या घरात थोरल्याचं चुकलं तर धाकट्याने गप्प बसायचं असतं. जमिनीवर त्याने फारसं बिघडत नाही.

दुसरा फेरा घेत होतो तेव्हा उजवीकडच्या धुरातून काहीतरी पांढरं बाहेर आलं. क्षणभर मला ढग वाटला. मग पोट दिसलं, बाहेर काढलेली चाकं दिसली, आणि ते प्रचंड विमान आमच्यावरून, नाक वर करून, गरजत निघून गेलं. आमचं छोटं विमान पाण्यात भांडं हलावं तसं हललं. दादांनी माझा दंड धरला. मी रेडिओचा आवाज वाढवला.

बाई होत्या. बहुधा कालच्याच. आमच्या विमानाचं नाव घेऊन हाक मारत होत्या, आणि आवाजावरून कळत होतं की ही पहिली हाक नाही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की आम्ही धावपट्टीच्या सरळ रेषेत, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत, वाळूजच्या कारखान्यांवर फेऱ्या मारतोय. मुंबईच्या विमानाचं उतरणं रद्द करून त्यांनी त्याला वर पाठवलं होतं. "ताबडतोब उत्तरेकडे वळा," म्हणाल्या. मी वळलो. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला मदत हवी आहे का?"

"हवी आहे," मी म्हणालो.

"विमानात सगळे ठीक आहेत ना?"

"आहेत."

किती सोपं होतं ते! त्यांनी दिशा सांगितली, मी धरली. वाटेत कोण आहे, किती लांब आहे, सगळं सांगितलं. काही मिनिटांतच मला कळलं की देवगाव रंगारी तिथून वायव्येला होतं, दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर. टाक्यांत पेट्रोल होतं. धूरही आता विरत चालला होता. पण आता कुठे जायचं हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं. परत येऊन उतरा, असा हुकूम होता.

"दहा मिनटं जाऊन येऊ की," दादा म्हणाले. "त्या बाईला इचार ना."

मी विचारलं नाही. विचारण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं. त्या विमानात शंभरावर माणसं होती. कुणाच्या मांडीवर लेकरू असेल. ती सगळी पुन्हा आभाळात घिरट्या घालत बसली, कारण एका धाकट्या भावाला संकोच वाटला. हे मला आजही झोपताना आठवतं, आणि मी कूस बदलतो.

उतरल्यावर

जबाब लिहून द्यावा लागला. तीन तास लागले. अधिकारी सभ्य होते, चहा दिला. "रडारची मदत का नाकारली?" या प्रश्नापुढे थोडी जागा होती. खरं उत्तर त्या जागेत मावणारं नव्हतं. मी लिहिलं, "दृश्यमानता पुरेशी वाटली." चौकशी पुरी होईपर्यंत माझं लायसन जमा झालं. विमान परत न्यायला क्लबातून दुसरा वैमानिक आला, आणि आम्ही दोघे शेखभाईंच्या मुलाच्या गाडीने भीमेकडे परत निघालो. विमानाने सव्वा तासात आलो होतो, परतीला अख्खा दिवस गेला.

दादा सगळ्या वाटेने चांगले बोलत होते. नगरच्या अलीकडे उसाचा रस प्यायलो. एक शब्द वावगा बोलले नाहीत. मला वाटत होतं की त्यांनी रागवावं.

मी त्यांना म्हणालो, "दादा, लायसन परत आलं की लगेच जाऊ."

"जाऊ की," ते म्हणाले.

चौकशी चालली. मी पुन्हा परीक्षा दिली, शिक्षकाबरोबर ठरलेले तास उडालो, रडारशी बोलण्याचा वर्ग केला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. लायसन हातात पडलं तेव्हा शेतात ज्वारी पेरून झाली होती.

तोवर दादांची नजर गेली होती. एकदम नाही, एका आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्र सोडलं, पुढच्या महिन्यात दाढी करायला मला बोलावलं. नकाशाची गुंडाळी त्यांनी स्वतःहून कपाटावर ठेवायला सांगितली.

लायसन आलं त्या दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते ओसरीवर सुपात शेंगा फोडत होते, चाचपून. बायकोने नको म्हटलं तरी ऐकत नाहीत, हाताला काम हवं म्हणतात.

"दादा, लायसन मिळालं."

"लई बरं झालं."

"जायचं का? या वेळी रडारला विचारत जाऊ. ते जागा सांगतील, मी तुम्हाला सगळं वर्णन करून सांगेन."

त्यांनी दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाले, "रम्या, मला त्या दिवशी किल्ला दिसलाच नाय."

मी सुपातली एक शेंग उचलली.

"धूर व्हता म्हण, का नजर म्हण. मी आपला अंदाजानं सांगत गेलो, डावीकडं घे, डावीकडं घे. मला वाटलं, तुला ठाव असंल. चुकलं तर तू म्हणशीलच. त्या बाईला तरी इचारशील."

"तुम्ही सांगितलं का नाही, दिसत नाही म्हणून?"

"तू येवढ्या हौसेनं नेत व्हतास. कसं सांगू?" ते म्हणाले. "आन् तू? तू कामून नाय इचारलं?"

"तुमच्यासमोर कसं विचारू, दादा?"

ते हसले. मीही हसायला गेलो, आणि मला हुंदका आला. मी तो लपवला नाही; लपवून उपयोग नव्हता, त्यांचे कान शाबूत आहेत. त्यांनी सूप बाजूला सारलं, माझा हात शोधून धरला. मी म्हणालो की बरं झालं निदान एवढं कळलं, तुम्हाला तेव्हाही दिसलंच नसतं. माझ्या मनाची काहीतरी समजूत मी घालू पाहत होतो.

"नाय, नाय," दादा म्हणाले. "कडंचं दिसत नव्हतं. किल्ला, डोंगर, त्ये कायबी नाय. पण सरळ खालचं दिसत व्हतं मला तवा. तुझ्या त्या काचेतून बघितलं ना, ट्रक दिसले मला, शेड दिसल्या. म्हणलं, ह्ये आपलं गाव नाय." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून हवेत एक गोल केला. "बांगडीएवढं दिसत व्हतं. बरोबर जागी नेलं असतंस, तर बांगडीएवढं लई व्हतं रे."